काचेचं कौल

टिळकवाडी मला वरनं माहीत आहे.
खाली कोण राहतं, कुणाचं कुणाशी पटत नाही
ते पोस्टमनला विचारा.
मी सांगतो कुणाच्या वाशाला वाळवी लागलीय,
कुणाच्या पन्हाळीत पिंपळ उगवलाय,
आणि शुक्रवार पेठेत कुठल्या घराच्या माथ्याला
अजून एकाही माकडानं हात लावला नाही.

दर मे महिन्यात बाबा मला शिडीच्या खाली उभा करायचा.
पाय वाशावर ठेव, म्हणायचा, कौलावर नको.
वासा तुला घेईल. कौल घेणार नाही.

हुक्केरीकर मास्तरांचा बंगला.
जांभ्याच्या भिंती, टेकलं की पाठ तांबडी.
व्हरांड्याला लाकडी जाळी, वर टोकाटोकाची झालर,
आत कोबा, नारळाच्या किशीनं घासून घासून
पाण्यासारखा झालेला, मधोमध एक भेग
(कोयनेच्या भूकंपाची, असं मास्तर सांगायचे,
आमचा बाबा म्हणायचा, चुना कमी पडला).
फाटकाच्या खांबावर १९३७.
त्यातला नऊ पाथरवटानं उलटा कोरला.
मास्तरांच्या वडिलांनी तो तसाच ठेवला,
मजुरी पुरती दिली.

दुसऱ्या गेटावरनं मालगाडी गेली
की सगळी कौलं दात वाजवतात.
गव्हाच्या काडीएवढी सरकतात.
वर्षभराच्या काड्या मी मे महिन्यात मागं ढकलतो.
चाळीस वर्षं तेवढंच काम की.

यंदा फोन आला तो परतायला नव्हे, उतरवायला.
गोव्याच्या कुणा हॉटेलवाल्याला जुनी कौलं पाहिजेत,
शेवाळासकट. शेवाळाचे वेगळे देतो म्हणाला.
मी आयुष्यभर शेवाळ खरवडून टाकलं.

चार हजार दोनशे कौलं.
एकाच्या पोटावर मांजराचा पंजा,
ओली असताना उमटलेला, तिकडं मंगळूरला,
माझा बाबा रांगायच्या वयाचा असताना.
ते मी बाजूला ठेवलं. हिशेबात धरलं नाही.

कौलं गेली तसे वासे उघडे पडले.
दर वाशावर दोन आकडे:
कोळशानं मराठी, ते आज्ज्याचे, तो इथला गवंडी;
पटाशीनं कन्नड, ते मोनाप्पा बडिगेराचे,
तो बैलहोंगलहून बैलगाडीनं सागवान घेऊन आला.
एकाला दुसऱ्याची अक्षरं येत नव्हती,
तरी ह्याच्या सातापाशी त्याचा सात, आठापाशी आठ.
फक्त तेराव्यावर भांडण.
मोनाप्पाचा तेरा, आज्ज्याचा चौदा,
दोन्ही खोडलेले,
खाली कुणी तिसऱ्यानं नुसती फुली मारलीय.
मी चाळीस वर्षं शोधत होतो ती गळती
तिथली.

स्वयंपाकघरावर एक काचेचं कौल.
त्याचा उन्हाचा तुकडा कोब्यावर पडायचा,
सकाळी मांडणीपाशी, मग पाटावर,
चुलीच्या कट्ट्याला लागला की शाळेची घंटा.
मास्तरांच्या कुमुदाक्कांनी लहानपणी
विटकरीनं रेघा ओढल्या होत्या त्याच्या वाटेवर.
मला वरनं दिसायच्या. पुसट. दहा, साडेदहा, अकरा.

ते कौल सगळ्यात शेवटी काढायचं, असं मी ठरवलेलं.
भोवतालची काढत गेलो.
अक्का खाली उभ्या होत्या, पदर नाकाला लावून,
धुरळा फार.
मी वाकून बघितलं तर तुकडा नव्हता.
काच होती तिथंच, रिपेवर, एकटी.
पण ऊन आता सगळीकडंच पडलं होतं,
मांडणीवर, कट्ट्यावर, अक्कांच्या केसांवर,
कुठलं काचेतलं आणि कुठलं नुसतं
ते निवडता येईना.

त्या जमिनीकडं बघायलत्या.
मग मान वर करून म्हणाल्या,
परशराम, किती वाजले रे?

माझं घड्याळ खाली होतं,
भाकरीच्या पिशवीत.